छोटा प्लेको घेताय? आधी पाठीवरचा पंख बघा

काचेवर शेवाळ धरतंय म्हणून दुकानात सांगितलं की लगेच दोन इंचाचा काळा सकर, म्हणजे काचेला तोंडानं चिकटणारा प्लेको मासा, पिशवीत घालून देतात. मीपण असाच आणलेला, 'एवढाच राहतोय' असं ऐकून, आणि दोन वर्षांत तो फूटभर झाला, दोन फुटी टँकमध्ये त्याला धड वळता येईना, रात्री झाडं उपटून टाकायचा. शेवटी एका मित्राकडं मोठा टँक होता तिथं नेऊन दिला. कॉमन प्लेको होता तो, दीड फुटापर्यंत जातो. असा मासा कंटाळून आपल्या कोल्हापूरच्या रंकाळा तलावात नाहीतर पंचगंगा नदीत सोडू नका बाबांनो, तो मूळचा दक्षिण अमेरिकेतला, आपल्या देशात बऱ्याच ठिकाणच्या नद्या-तळ्यांत आधीच पसरलाय आणि इथल्या माशांना त्रास देतोय.

मग ओळखायचा कसा? लहानपणी सगळे सारखेच काळपट दिसतात, म्हणून त्यानं पाठीवरचा पंख उघडला की मोबाईलवर फोटो काढा आणि झूम करून मोजा. पुढचा जाड काटा सोडून मागं दहा किंवा जास्त काड्या असल्या आणि पंख शिडासारखा उंच असला तर तो मोठा होणारा, ठेवा तिथंच. ब्रिसलनोज हा लहान राहणारा प्लेको, त्याला जाड काट्यामागं साधारण सात असतात. सात भरले म्हणजे ब्रिसलनोजच असं नाही, पण दहा भरले की विषय संपला.

घरच्या टँकला माझ्या मते ब्रिसलनोजच सगळ्यात बरा, चार-पाच इंचावर थांबतो, नराच्या तोंडावर मिशांसारखे मांसल धागे फुटतात, मादीला नसतात नाहीतर अगदी बारीक असतात. अडीच फुटी टँक असेल तर एक जोडी आरामात, दोन नर मात्र नको, जागेवरून भांडतात. त्याहून लहान पाहिजे तर क्लाऊन प्लेको, साडेतीन इंचाचा, अंगावर पिवळसर पट्टे, पण तो दिवसभर लाकडामागं लपतो आणि शेवाळ फारसं खात नाही. झेब्रा प्लेको दिसायला लई देखणा, ब्राझीलच्या शिंगू नदीतला, पण महाग आणि शेवाळ खाणारा नव्हेच, त्याला मांसाहारी खाणं लागतं, पहिल्यांदा ठेवणाऱ्यानं त्याच्या नादाला लागू नये.

दुकानात मासा काचेला चिकटला की पोट समोर दिसतं, ते नीट बघा. भरलेलं, निदान सपाट पाहिजे. आत गेलेलं असेल, डोळे खोल गेलेले असतील तर तो बरेच दिवस उपाशी आहे, कितीही दया आली तरी नवख्यानं घेऊ नये, वाचवणं अवघड जातं. जाळीनं काढू देऊ नका, काटे अडकून पंख फाटतात, डब्यानं काढायला सांगा, आणि पिशवी डबल घ्या, काट्यानं फुटते.

आता खाण्याचं, कारण इथंच सगळे चुकतात. 'तो शेवाळावर जगतोय' म्हणून काहीच घालत नाहीत आणि मग मासा हळूहळू वाळत जातो, लक्षातपण येत नाही. टँकमधलं शेवाळ त्याला आठवडाभरसुद्धा पुरत नाही. रात्री लाईट बंद केल्यावर शेवाळाची वडी (अल्गी वेफर) घाला, कारण तो रात्रीचा फिरणारा, दिवसा घातलं तर बाकीचे मासे फस्त करतात. आठवड्यातून दोन-तीनदा काकडीची नाहीतर दोडक्याची चकती, सोललेला मटार. मंडईतली भाजी नीट धुवून, मिनिटभर उकळून, गार करून, स्टीलच्या चमच्याला अडकवून खाली सोडा, आणि सकाळी उरलेलं काढा नाहीतर पाणी नासतं. लाकूड एक तरी पाहिजेच, ते खरवडत बसतो, क्लाऊनला तर ते लागतंच. टँकचं म्हणून मिळतं तेच घ्या, उकळून घाला, पाणी चहासारखं झालं तर घाबरू नका.

खातो लई आणि घाणपण तेवढीच करतो, म्हणून फिल्टर दमदार पाहिजे आणि दर आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदलायचं. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, अँटीक्लोरीन घालूनच वापरा. तापमान 23 ते 27 अंश चांगलं, थंडीत हीटर लावा, एप्रिल-मेमध्ये पाणी 30 च्या वर गेलं की ऑक्सिजन कमी होतो, एअर पंप जोरात ठेवा आणि झाकण उघडून जाळी टाका. आपल्याकडं पावसाळ्याचं वेगळंच असतं, 2019 आणि 2021 ला पुरात पंपिंग स्टेशन बुडून कित्येक दिवस नळाला पाणी नव्हतं, त्यामुळं पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी 39 फुटाच्या इशारा पातळीकडं सरकायला लागलं की मी टँकसाठी एक बॅरल वेगळं भरून ठेवतो, आणि बॅटरीवरचा एअर पंप चार्ज करतो.

जोडी असेल तर एका बाजूला त्याचं अंग बसेल एवढी मातीची नळी नाहीतर फुटका माठ आडवा ठेवा. नर आत घुसून दिवसेंदिवस बाहेर आला नाही तर आजारी समजून उचलू नका, केशरी अंड्यांवर बसलेला असतो, शेपटीनं वारा घालत. पिल्लं पोटाची पिवळी पिशवी संपवून बाहेर पडली की मग बारीक कुस्करलेली वडी आणि मऊ काकडी त्यांच्याजवळच ठेवायची.