हेड गॅस्केट गळतंय? हेड उतरवण्याआधी आणि नंतर या चुका टाळा

माझ्या जुन्या फोर बाय फोरचं हेड गॅस्केट (इंजिनाचा खालचा ब्लॉक आणि त्यावर बसणारं हेड यांच्यामधलं सील) पहिल्यांदा गेलं तेव्हा मी फक्त गॅस्केट बदललं. तीन आठवड्यांनी, खालच्या गिअरमध्ये लांबलचक चढ चढताना, तापमानाचा काटा पुन्हा लाल पट्ट्यात. या वेळी रेडिएटर बाहेर काढला. एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यामधल्या बोटभर फटीत वाळलेला चिखल आणि गवताचं बी इतकं घट्ट बसलं होतं की उजेडासमोर धरल्यावर खालच्या अर्ध्या भागातून काहीच दिसेना. समोरून जाळी स्वच्छ दिसायची, म्हणून आत डोकावावं असं वाटलंच नव्हतं. तेव्हापासून कुणीही हेड गॅस्केट गेल्याचं सांगितलं की माझा पहिला प्रश्न असतो: गाडी तापली कशामुळे?

जुन्या इंजिनांत गॅस्केट बहुतेक वेळा आपणहून जात नाही, त्याला तापलेलं इंजिन मारतं. बऱ्याच गाड्यांत ब्लॉक बिडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचं असतं. ॲल्युमिनियम उष्णतेने बिडापेक्षा जवळपास दुप्पट प्रसरण पावतं. दोन्हींमधली ही ओढाताण गॅस्केटला रोजच सोसावी लागते. तापमान हाताबाहेर गेलं की हेड वाकतं आणि गॅस्केटवरची पकड सुटते. ऑफरोडिंगमध्ये वेग कमी आणि भार जास्त, वाऱ्याचा झोत जवळजवळ नाहीच. सगळी भिस्त फॅनवर. त्यामुळे फॅनचा व्हिस्कस क्लच (इंजिन तापलं की फॅनला जोर देणारा भाग), वॉटर पंप, थर्मोस्टॅट (तापमानानुसार रेडिएटरकडची वाट उघडणारा व्हॉल्व्ह), रेडिएटर आणि रेडिएटरचं झाकण हे सगळं तपासल्याशिवाय नवं गॅस्केट बसवू नका. झाकण क्षुल्लक वाटतं, पण आतला दाब तेच टिकवतं, आणि साधं पाणीसुद्धा 1 बार जास्त दाबाखाली 120 अंशांच्या आसपास उकळतं. झाकणाची स्प्रिंग ढिली पडली की ते 100 लाच उकळायला लागतं आणि हेडमध्ये वाफेचे खिसे तयार होतात.

गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकण्याचा उपाय तर सर्रास केला जातो. तो करू नका. अनेक इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना बायपासची, म्हणजे रेडिएटर टाळून जाणारी, वाट बंद करतो. तोच नसेल तर बरंचसं पाणी रेडिएटरला वळसा घालून परत इंजिनातच फिरतं.

निदानाची घाई

ऑइलच्या झाकणाखाली दुधी थर दिसला की लोक थेट हेड उतरवायला घेतात. थंडीच्या दिवसांत गाडी रोज थोडीथोडीच चालत असेल तर नुसत्या दमटपणानेही तो थर येतो. डिपस्टिकवरचं (ऑइल मोजायच्या पट्टीवरचं) ऑइलही दुधी असेल आणि कूलंटची (रेडिएटरमधल्या पाण्याची) पातळीही उतरत असेल तर काळजीचं कारण आहे. तरीही दोषी गॅस्केटच असेल असं नाही. टोयोटाच्या 22आर-ई इंजिनात टायमिंग चेनचे प्लॅस्टिकचे गाइड तुटतात, सैल पडलेली चेन पुढचं कव्हर घासत जाते आणि शेवटी कूलंटच्या वाटेपर्यंत भोक पाडते. कूलंट थेट ऑइलमध्ये. अशा गाडीचं हेड उतरवून नवं गॅस्केट घातलं तरी ऑइल पुन्हा दुधीच होणार. पाण्याने थंड होणारा ऑइल कूलर आतून फुटला तरी हीच लक्षणं दिसतात. ब्लॉकच्या बाजूने ऑइल ओघळत असेल तर आधी इंजिन स्वच्छ धुऊन, कोरडं करून थोडं चालवा. कित्येकदा ते हेडवरच्या टॅपेट कव्हरमधूनच येत असतं.

खात्री करायला सोप्या चाचण्या आहेत. इंजिन पूर्ण थंड असताना रेडिएटरचं झाकण काढा आणि इंजिन सुरू करा. हवा निघून गेल्यावरही बुडबुडे थांबत नसतील, किंवा झाकण लावून सुरू केल्यावर मिनिटाभरातच रेडिएटरचा वरचा होज (रबरी नळी) दगडासारखा कडक होत असेल, तर सिलिंडरमधला वायू पाण्यात शिरतोय. रेडिएटरच्या तोंडावर लावायच्या ब्लॉक टेस्टरचं निळं द्रव या वायूने पिवळं होतं, डिझेल इंजिनात पिवळसर हिरवं. फक्त टेस्टर लावण्याआधी रेडिएटरमधली पातळी थोडी उतरवा. कूलंट वर ओढलं गेलं की त्या रंगावर विश्वास ठेवता येत नाही. कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) मोजताना शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदम कमी दाखवत असतील तर गॅस्केट त्यांच्यामध्ये जळलेलं असण्याची शक्यता फार मोठी.

गाडी पाणी खातेय, बाहेर थेंबही दिसत नाही आणि रात्रभर उभी राहिल्यावर स्टार्टर मध्येच अडतोय? पुन्हा पुन्हा सेल मारू नका, धक्का तर मुळीच मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी साचलेलं असू शकतं. पाणी दाबलं जात नाही, पिस्टनचा कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी स्पार्क प्लग, किंवा डिझेलमध्ये ग्लो प्लग काढा आणि मग इंजिन फिरवा. भोकातून पाण्याची चिळकांडी उडाली तर कोणता सिलिंडर गळतोय तेही कळतं.

गळती बंद करणाऱ्या बाटलीबद्दल माझं मत स्पष्ट आहे: जंगलातून बाहेर पडायला दुसरा काहीच मार्ग नसेल तेव्हाच. ते द्रव रेडिएटरच्या आणि हीटरच्या बारीक नळ्याही बुजवतं, आणि जुन्या गाडीत त्या आधीच अर्ध्या बुजलेल्या असतात.

हेड उतरवताना आणि बसवताना

गरम इंजिनाचे हेड बोल्ट सोडू नका. पूर्ण थंड होऊ द्या, मग बाहेरून आत, थोडेथोडे करत सोडा. घट्ट करताना मध्यापासून बाहेर, मॅन्युअलमधल्या क्रमानेच.

हेड वर आलं की सरळ पट्टी लांबीत, रुंदीत आणि दोन्ही कर्णांवर ठेवून खाली फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घालून पाहा. अनेक इंजिनांत मर्यादा 0.05 ते 0.10 मिमीच्या आसपास असते, पण तुमच्या इंजिनाचा आकडा मॅन्युअलमधूनच घ्या. ब्लॉकचा माथाही असाच तपासा. तो हमखास विसरला जातो. हेड वाकलं म्हणून बिनधास्त फेसिंग (तळ मशीनवर घासून सपाट करणं) करून आणू नका. डिझेलमध्ये पिस्टन आणि व्हॉल्व्हमधलं अंतर आधीच कमी असतं, आणि काही कंपन्या फेसिंगला परवानगीच देत नाहीत. पैसे हेडच्या प्रेशर टेस्टवर आधी खर्च करा. व्हॉल्व्हच्या मधला बारीक तडा नुसत्या डोळ्यांना दिसेलच असं नाही, आणि तडा गेलेल्या हेडखाली कितीही चांगलं गॅस्केट घाला, गाडी पाणी खातच राहणार.

जुनं गॅस्केट खरवडायला ड्रिलवर खरखरीत डिस्क लावू नका. तिची भुकटी ऑइलच्या वाटांत शिरून बेअरिंग खाते, शिवाय पृष्ठभागावर खळगे पडतात. प्लॅस्टिकचा स्क्रेपर, गॅस्केट रिमूव्हर आणि धीर पुरतो. बोल्टच्या भोकांत ऑइल किंवा पाणी साचलेलं असेल तर हवा मारून कोरडं करा. तळ बंद असलेल्या भोकात द्रव राहिलं तर बोल्ट आवळताना ब्लॉकच फुटू शकतो. डिझेलची गॅस्केटं अनेकदा वेगवेगळ्या जाडीची मिळतात, कडेच्या भोकांवरून किंवा खाचांवरून ती ओळखतात. पिस्टन ब्लॉकच्या वर किती येतो ते मोजूनच जाडी ठरवा. ठरलेल्या टॉर्कपर्यंत (जोरापर्यंत) आवळल्यावर पुढे अंशांत मोजून फिरवायचे बोल्ट ताणले जातात. मॅन्युअल नवे घाला म्हणत असेल तर नवेच घाला. गॅस्केटवर सिलंट नको, कंपनीने नेमक्या जागा सांगितल्या असतील तर फक्त तिथेच.

शेवटी हवा काढणं. गाडीचं नाक चढावर करून उभी करा, हीटर पूर्ण गरमवर ठेवा, कूलंट सावकाश ओता आणि हवा सोडायचा ब्लीड स्क्रू असेल तर त्यातून अखंड धार येईपर्यंत थांबा. ऑइलमध्ये पाणी गेलं होतं तर नवं ऑइल आणि फिल्टर थोड्याशा फेऱ्यांनंतर पुन्हा बदला. जुन्या पद्धतीच्या गॅस्केटना इंजिन तापून थंड झाल्यावर बोल्ट पुन्हा आवळावे लागतात, तेही मॅन्युअल सांगेल तेव्हा आणि तसंच.

पुढचे काही दिवस रोज सकाळी, सेल मारण्याआधी, वरचा होज हाताने दाबून पाहा आणि मग झाकण उघडा. होज मऊ, पातळी कालच्याच खुणेवर आणि झाकणातून फुस्स आवाज नाही, असं सलग आठवडाभर झालं की मगच चढाची वाट धरा.