टी-शर्टचा मॉकअप स्टिकरसारखा दिसतोय? या चुका टाळा

गणपतीच्या आधीचे दोन महिने माझ्याकडे एकच काम फिरून फिरून येतं. काळा टी-शर्ट, छातीवर मंडळाचं नाव, भगव्या नाहीतर सोनेरी अक्षरांत. मंडळाची पोरं रात्री साडेदहाला डिझाइन मागतात आणि अकराला विचारतात, "ताई, शर्टवर कसं दिसेल ते टाका ना ग्रुपवर." शर्ट अजून आलेले नसतात, छपाई तर लांबच राहिली. पण वर्गणीच्या पैशांतून शंभर-सव्वाशे शर्ट घ्यायचे की नाही, हे त्या एका चित्रावर ठरतं. म्हणून मॉकअप, म्हणजे छापण्याआधीचं हे चित्र, सुंदर दिसण्याआधी खरा असावा, असं मला मनापासून वाटतं.

आठ वर्षांत मी जवळपास सगळ्या चुका केल्या आहेत. त्यातल्या ज्या अजूनही रोज कुणा ना कुणाच्या कामात दिसतात, त्या इथे लिहिते. उदाहरणं फोटोशॉपची आहेत. जिंप हे फुकट सॉफ्टवेअर वापरत असाल तरी तत्त्व तेच, आणि ब्राउझरमध्ये फुकट चालणाऱ्या फोटोपीत फोटोशॉपची पीएसडी फाइल थेट उघडते.

माप न घेता डिझाइन बसवणं

माझी सगळ्यात महागडी चूक हीच. एका मंडळासाठी मॉकअप केला, छातीभर पसरलेली अक्षरं, सगळे खूश. छपाई ठरली होती ए-फोर आकारात. शर्ट हातात आल्यावर पोरांचे चेहरे उतरले. नाव छातीच्या मधोमध आक्रसून बसलं होतं. छापणाऱ्याची चूक नव्हती, त्याने सांगितल्याप्रमाणे ए-फोरच छापलं होतं. मी चित्रात मात्र जवळजवळ 35 सेंटिमीटर रुंदीचं नाव दाखवलं होतं.

तेव्हापासून सॉफ्टवेअर उघडायच्या आधी टेप घेते. शर्ट सपाट पसरून काखेपासून काखेपर्यंत मोजायचा. समजा 50 सेंटिमीटर भरला आणि फोटोत तेच अंतर 1000 पिक्सेल आहे, तर एक सेंटिमीटर म्हणजे 20 पिक्सेल. ए-फोर उभा धरला तर रुंदी 21 सेंटिमीटर, म्हणजे 420 पिक्सेल. ए-थ्री 29.7 सेंटिमीटर, म्हणजे 594. एवढ्या आकाराचा चौकोन आधी शर्टवर काढून ठेवा आणि डिझाइन त्याच्या बाहेर जाऊ देऊ नका. अंगात घातलेल्या शर्टाच्या फोटोत जरा जपून, कारण कापड बगलेकडे वळतं आणि समोरून दिसणारी रुंदी सपाट मापापेक्षा कमी असते. तिथे हा हिशोब जसाच्या तसा लावला तर छापा लहान दिसेल.

उंचीचंही तसंच. नवखा माणूस डिझाइन शर्टाच्या बरोबर मध्यावर ठेवतो आणि ते पोटावर येतं. छातीवरचा छापा गळ्याच्या रिबपासून साधारण सात-आठ सेंटिमीटर खाली सुरू होतो. मॉकअपमध्येही तेवढंच अंतर ठेवा.

काळ्या शर्टवर मल्टिप्लाय

इंटरनेटवरचे बहुतेक धडे पांढऱ्या शर्टवर दिलेले असतात. डिझाइनच्या लेयरला मल्टिप्लाय लावा, सुरकुत्या आपोआप दिसतात, झालं. पांढऱ्यावर ते खरंच होतं. तोच धडा काळ्या शर्टवर गिरवला की डिझाइन गायब होतं, आणि आपण ऑपॅसिटी तपासत बसतो.

मल्टिप्लाय म्हणजे वरच्या लेयरच्या रंगाचा खालच्या रंगाशी सरळ गुणाकार. पांढरा म्हणजे 1, काळा म्हणजे 0. पांढऱ्या कापडावर तुमचा भगवा गुणिले 1, म्हणून भगवाच राहतो आणि सुरकुतीच्या सावलीत थोडा गडद होतो. काळ्यावर भगवा गुणिले जवळजवळ शून्य. निळ्या शर्टवर पिवळं अक्षर मल्टिप्लाय केलं तर मळकट हिरवट दिसेल. छपाईत मात्र तसं होत नाही. स्क्रीन प्रिंटिंगवाला गडद कापडावर आधी पांढऱ्या शाईचा थर देतो, डीटीएफमध्ये, म्हणजे फिल्मवर छापून उष्णतेने कापडावर चिकटवायच्या पद्धतीत, फिल्मवरच रंगामागे पांढरा थर असतो. रंग कापडात मिसळत नाही, त्या पांढऱ्यावर बसतो. म्हणून चित्रातही तो बसलेलाच दिसला पाहिजे.

गडद शर्टसाठी मी डिझाइन नॉर्मल मोडमध्येच ठेवते आणि कापडाचा उजेड आणि सावली वरून आणते. शर्टाच्या फोटोच्या दोन प्रती करायच्या, दोन्ही डिझाइनच्या वर ठेवून क्लिपिंग मास्कने डिझाइनला बांधायच्या, म्हणजे त्या डिझाइनच्या आकारातच दिसतात, आणि रंग काढून टाकायचा. पहिलीत लेव्हल्सने (उजेड-अंधार कमीजास्त करायचं साधन) पांढरी कडी डावीकडे ओढायची, शर्टाचा सपाट भाग पांढरा होऊन फक्त सुरकुत्यांच्या सावल्या उरेपर्यंत. तिला मल्टिप्लाय. दुसरीत काळी कडी उजवीकडे ओढायची, सपाट भाग पूर्ण काळा होऊन फक्त चमकणारे उंचवटे उरेपर्यंत. तिला स्क्रीन, म्हणजे मल्टिप्लायच्या उलट उजळ करणारा मोड, ऑपॅसिटी तीस ते साठ टक्क्यांत कुठेतरी. पाच मिनिटांचं काम आहे, आणि निम्मे मॉकअप एवढ्यानेच सुधारतात.

पोत किती दिसावा हे छपाईच्या पद्धतीवर ठेवा. पाण्यावर आधारलेली शाई कापडात मुरते, तिच्यातून वीण दिसते. प्लास्टिसोल ही प्लास्टिकसारखी शाई आणि डीटीएफ वर बसतात, त्यांच्यातून सुताचा दाणान् दाणा दिसणं खोटं आहे. आणि काळ्या सुती शर्टवर सब्लिमेशनचा मॉकअप तर करूच नका. सब्लिमेशन, म्हणजे उष्णतेने रंग धाग्यात उतरवणारी छपाई, हलक्या रंगाच्या पॉलिस्टरवर होतं. चित्रात कितीही छान दिसलं तरी ते कुणी छापून देऊ शकणार नाही.

डिस्प्लेसमेंट मॅप: सगळ्यात जास्त गोंधळ इथेच

देवनागरीत काम करणाऱ्याला एक फायदा आहे, आणि तोच त्रासही आहे. तो म्हणजे शिरोरेषा. रोमन अक्षरं सुटी असतात, सुरकुतीवर थोडी चुकली तरी चालून जातं. पण 'मित्र मंडळ' लिहिलं की वर एक लांब आडवी रेघ येते. चुण्या पडलेल्या छातीवरून ती पट्टीने आखल्यासारखी सरळ गेली, की बघणाऱ्याला कारण सांगता आलं नाही तरी चित्र खोटं असल्याचं कळतं. म्हणून मी मॉकअप तपासताना आधी शिरोरेषाच बघते.

ती कापडाबरोबर वाकवायला डिस्प्लेस फिल्टर असतो. शर्टाच्या फोटोची कृष्णधवल प्रत वेगळ्या पीएसडीत जतन करायची (हाच डिस्प्लेसमेंट मॅप, म्हणजे नकाशा), मग डिझाइनचा लेयर निवडून फिल्टर, डिस्टॉर्ट, डिस्प्लेस. जिंपमध्ये तो फिल्टर्स, मॅप, डिस्प्लेस असा सापडतो आणि नकाशा तिथे लेयर म्हणून द्यायचा असतो. इथपर्यंत सगळ्यांना येतं. पुढे काय बिघडतं ते बघू.

शिरोरेषा करवतीच्या दात्यांसारखी झाली, तर नकाशा अस्पष्ट करायचा राहिला आहे. सॉफ्टवेअरला सुरकुती आणि वीण यांतला फरक कळत नाही, प्रत्येक धाग्याच्या उजेडावर ते अक्षर हलवतं. नकाशाला गॉशियन ब्लर द्या. दोन हजार पिक्सेल रुंदीच्या फोटोला मी तीन-चार पिक्सेलपासून सुरुवात करते. वीण पुसली जावी, सुरकुती राहावी.

अक्षर वाकलं नाही, नुसतंच तिरकं सरकलं? हे काळ्या शर्टवर हमखास होतं. डिस्प्लेसच्या दृष्टीने 128 हा करडा रंग म्हणजे 'जागेवर राहा'. 0 एका बाजूला जास्तीत जास्त ढकलतो, 255 विरुद्ध बाजूला. काळ्या शर्टाचा नकाशा सगळाच 30-40 च्या आसपास असतो, त्यामुळे सगळं डिझाइन एकाच दिशेला, तेही तिरकं जातं. नकाशाच्या फाइलमध्ये लेव्हल्सची मधली कडी हलवून शर्टाचा सपाट भाग 128 च्या जवळ आणा. इन्फो पॅनलमध्ये आकडा दिसतो. हे मला कळलं तोवर वर्षभर मी सरकलेलं डिझाइन हाताने मागे ओढत होते.

सगळं बरोबर करूनही वाकणं भलत्याच जागी पडत असेल, तर नकाशा केल्यानंतर मूळ फोटो क्रॉप केला असेल किंवा त्याचा आकार बदलला असेल. दोन्हींची लांबी-रुंदी एकच हवी. आणि डिझाइन आधी जागेवर बसवा, आकार पक्का करा, मगच फिल्टर चालवा. नंतर डिझाइन दोन बोटं वर घेतलं तर सुरकुत्या आपल्या जागी राहतात आणि अक्षरांतलं वाकण मात्र वर जातं. म्हणून डिझाइन स्मार्ट ऑब्जेक्ट करून ठेवा, म्हणजे फिल्टर मूळ चित्र न बदलता वरून लागतो. डिझाइन हलवावं लागलंच, तर जुना फिल्टर काढून पुन्हा चालवता येतो.

ताकद किती? फोटोशॉप आडवी-उभी दोन्हीकडे 10 दाखवतं. मी 5 वर सुरू करते. छाती वळलेली असेल, माणूस तिरका उभा असेल, तर ते काम डिस्प्लेसचं नाही. आधी वॉर्पने (डिझाइन ताणून वाकवायचं साधन) डिझाइन अंगाच्या वळणावर बसवा, मग बारीक सुरकुत्यांसाठी डिस्प्लेस.

खोल घडी अक्षर गिळते

कापड खरोखर दुमडलं असेल तर घडीच्या आतला छापा दिसतच नाही. फिल्टर फक्त वाकवतो, लपवत नाही. अशा जागी डिझाइन घडीच्या रेषेवर कापून दोन तुकडे करा, एक तुकडा किंचित आत सरकवा आणि मधली पट्टी मास्कने झाका. एखाद्या अक्षराचा काना अर्धा गेला तर जाऊ दे, प्रत्यक्षातही तसाच जातो. कुर्त्याच्या बटणपट्टीवर, बाहीच्या शिवणीवर, खिशाच्या कडेवर हीच काळजी. ढोल-ताशा पथकाच्या कुर्त्याचा मॉकअप करताना कमरेला बांधलेला ढोलाचा पट्टा, पुढे आलेली वेणी, हातातलं टिपरू यांच्या वरून छापा गेलेला मी कितीदा पाहिलाय. त्या प्रत्येक गोष्टीचा मास्क करायचा कंटाळा येतो, पण त्याला पर्याय नाही.

साडीच्या वाटेला जाणार असाल तर डिस्प्लेस बाजूलाच ठेवा. प्रत्येक निरीवर काठाचा वेगळा तुकडा, वेगळा वॉर्प. एका सलग पट्टीत नारळी काठ ओढला की निऱ्या छापील पडद्यासारख्या दिसतात.

छोट्या गोष्टी

शुद्ध काळा आणि शुद्ध पांढरा फोटोत जवळपास नसतोच. डिझाइनच्या लेव्हल्समध्ये आउटपुट 20 ते 235 ठेवा, चिकटवल्यासारखं दिसणं लगेच कमी होतं. डिझाइनच्या कडा फोटोपेक्षा धारदार असतील तर अर्ध्या पिक्सेलचा ब्लर आणि फोटोत जेवढा नॉइज, म्हणजे दाणेदारपणा, आहे तेवढाच द्या.

पांढऱ्या शर्टचा काळा करताना वर शुद्ध काळा रंग मल्टिप्लाय केला तर सगळ्या सुरकुत्या मरतात. गडद करडा घ्या आणि उजेड स्क्रीनने परत आणा. त्यापेक्षा खरा काळा शर्ट खिडकीजवळ ठेवून फोटो काढलेला कितीतरी बरा. खिडकी एका बाजूला हवी, म्हणजे सुरकुत्यांना सावली मिळते. मोबाइलचा फ्लॅश मारला तर फोटो सपाट येतो आणि वर सांगितलेली कुठलीच युक्ती चालत नाही.

अक्षरं तुटली तर

फोटोशॉपच्या जुन्या आवृत्तीत 'मित्र' लिहिल्यावर पहिली वेलांटी भलतीकडे जाते, जोडाक्षर सुटतं. प्रेफरन्सेसमध्ये टाइप या भागात दक्षिण आशियाई लिपींसाठीचा पर्याय निवडा, सॉफ्टवेअर बंद करून पुन्हा उघडा आणि नवा मजकूर टाइप करा. पसंत पडलं की मजकूर शेपमध्ये बदला, म्हणजे दुसऱ्याच्या मशीनवर फॉन्ट नसला तरी बिघडणार नाही. फॉन्ट निवडताना मराठी वळणाचा ल आणि श आहे का बघा. पाकळीचा ल आणि देठाचा श नसेल तर मंडळातल्या एखाद्या काकांच्या नजरेत ते नक्की येतं, आणि त्यांचं बरोबर असतं.

रफार, अनुस्वार आणि बारीक वेलांट्या स्क्रीनवर सुरेख दिसतात, पण स्क्रीन प्रिंटिंगच्या जाळीतून शाई उतरताना भरून जातात. मॉकअप प्रत्यक्ष मापावर झूम करून बघा. अनुस्वार मिलिमीटरभरच उरत असेल तर आत्ताच जाड करा.

पाठवताना

फाइल एसआरजीबीमध्ये (स्क्रीनसाठीची नेहमीची रंगपद्धत) निर्यात करा, नाहीतर दुसऱ्याच्या मोबाइलवर भगवा फिका पडतो. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा, कारण फोटो दाबला जातो आणि कडा फुटतात. चित्राच्या कोपऱ्यात छाप्याचं माप आणि छपाईची पद्धत लिहा: 'ए-फोर, डीटीएफ'. आणि छापणाऱ्याला मॉकअप कधीच देऊ नका. त्याला वेक्टर फाइल (कितीही मोठी केली तरी न फुटणारी) द्या, नाहीतर प्रत्यक्ष मापाला 300 डीपीआय, म्हणजे इंचाला 300 ठिपके, असलेली, पारदर्शक पार्श्वभूमीची. मॉकअपमधून कापून घेतलेल्या डिझाइनमध्ये सुरकुत्यांच्या सावल्याही छापल्या जातात. असा एक शर्ट मी नमुना म्हणून कपाटात ठेवलाय. नवीन मुलगा कामाला आला की आधी तो त्याच्या हातात देते.