पावसाचा दिवस किती वाजता सुरू होतो?

संख्याशास्त्रात एम.एस्सी. करून मी पुण्यात पावसाच्या एका संशोधन प्रकल्पात रुजू झालो, तेव्हा आकडे हाती आले की बाकीचे काम आपलेच, अशी माझी समजूत होती. पहिले काम पर्जन्यमापकांच्या रोजच्या नोंदी उपग्रहाच्या अंदाजांशी ताडून पाहण्याचे होते. दोहोंमधला सहसंबंध इतका क्षीण येई, की तीन आठवडे मी सूत्रेच बदलत राहिलो. अखेर शेजारच्या खोलीतल्या हवामानशास्त्रज्ञ बाईंनी आलेख पाहून विचारले, "तुमचा दिवस किती वाजता सुरू होतो?"

आपल्याकडे पाऊस सकाळी साडेआठला मोजला जातो आणि आदल्या चोवीस तासांचा पाऊस त्या सकाळच्या तारखेखाली लिहिला जातो. 26 जुलै 2005 रोजी मुंबईत हाहाकार उडाला. पण सांताक्रूझचे ते 944 मिलिमीटर दैनंदिन नोंदीत 27 तारखेला सापडतात. माझ्याकडची उपग्रहाची माहिती मात्र ग्रीनिच वेळेच्या मध्यरात्रीपासून, म्हणजे आपल्या पहाटे साडेपाचपासून मोजलेली होती आणि तिच्यावर तारीख सुरुवातीच्या दिवसाची होती. एक रकाना एका दिवसाने सरकवताच तीन आठवड्यांचे कोडे सुटले.

दुसरी चूक अधिक खोल होती. प्रारूपाची, म्हणजे पावसाचा अंदाज देणाऱ्या गणिती सूत्राची, चाचणी घेण्यासाठी मी मान्सूनचे सगळे दिवस पत्त्यांसारखे पिसून काही बाजूला काढले आणि निकाल उत्तम आला. बाईंनी लक्षात आणून दिले, की बंगालच्या उपसागरातून निघालेले कमी दाबाचे क्षेत्र कित्येक दिवस देशावरून सरकत राहते. त्यामुळे त्यातला मंगळवार प्रारूपाला शिकवायला वापरून बुधवार परीक्षेला ठेवणे म्हणजे प्रश्नपत्रिका आधीच फोडणे होय. तेव्हापासून मी अख्खी वर्षेच बाजूला ठेवतो.

शिकवणी एकतर्फी मात्र नव्हती. नकाशावरच्या हजारो चौकटींत सहसंबंध तपासले, तर पाच टक्के पातळीवर, म्हणजे योगायोगाने चुकण्याची तेवढी मुभा ठेवून, सुमारे पाच टक्के चौकटी निव्वळ योगायोगानेही 'लक्षणीय' ठरतात, आणि शेजारच्या चौकटी परस्परांवर अवलंबून असल्याने त्यांचे ठसठशीत पुंजकेही दिसतात. अशा पुंजक्याला भौतिक कारण चिकटवण्याआधी थांबा, हे सांगणे माझे काम होते, आणि ते काही वेळा अप्रियही झाले.

या दोन विद्यांचा संबंध आपल्याकडे जुना आहे. 1904 मध्ये भारतीय हवामान खात्याचे प्रमुख झालेले गिल्बर्ट वॉकर मूळचे गणिती. मान्सूनचा अंदाज बांधण्यासाठी जगभरच्या नोंदींतले सहसंबंध तपासताना त्यांना 'दक्षिणी दोलन', म्हणजे प्रशांत आणि हिंदी महासागरांवरच्या हवेच्या दाबाचा झोका, सापडले. डॉ. वसंत गोवारीकरांच्या नावाने ओळखले जाणारे सोळा घटकांचे प्रारूप 1988 पासून वापरात होते. 2002 मध्ये त्याचा अंदाज सरासरीच्या 101 टक्क्यांचा होता. प्रत्यक्षात 81 टक्के पाऊस झाला, आणि पुढच्याच वर्षी नवी प्रारूपे आली. भूतकाळाशी उत्तम जुळणारे घटक पुढेही तसेच वागतील याची हमी कोणीच देत नाही. नवागताने हा प्रसंग मुळातून अभ्यासावा, असे मला वाटते.

सर्वाधिक वेळ शब्दांत जातो. 'नॉर्मल' म्हटले की मला घंटेच्या आकाराचा वक्र दिसे, हवामानशास्त्रज्ञांना दीर्घकालीन सरासरी. 'मॉडेल' म्हणजे माझ्या लेखी एक समीकरण. त्यांच्या लेखी महासंगणकावर चालणारे अख्खे वातावरण. पहिल्या बैठकीत अशा शब्दांचे अर्थ कागदावर लिहून घ्यावेत; त्यात कमीपणा नाही.

आर किंवा पायथन या संगणकभाषा सगळेच शिकून येतात. त्याखेरीज नकाशा वाचायला शिकावे. रस्त्याने जेमतेम बत्तीस किलोमीटरांवरच्या महाबळेश्वर आणि वाईच्या पावसात पाचपटींहून अधिक फरक असतो. मधली किंमत सरासरीने भरणाऱ्याला सह्याद्री ठाऊक नसतो. आणि जमल्यास एकदा सकाळी साडेआठला वेधशाळेत जाऊन मापनपात्रातले पाणी कसे वाचतात ते पाहावे. 2.5 मिलिमीटरला दिवस 'पावसाळी' ठरतो, 2.4 ला ठरत नाही, आणि तो फरक त्या पात्रावरच्या एका बारीक रेघेचा असतो.