रेड, ऑरेंज, यलो: हवामानाचे इशारे वाचताना या चुका टाळा

"ऑरेंज अलर्ट होता म्हणे, आणि दिवसभर ऊन!" पावसाळ्यात हे हमखास ऐकू येतं. अंदाज कधी खरोखर चुकतो, नाही असं नाही. पण पुष्कळदा आपणच इशारा अर्धा वाचलेला असतो.

मूळ वाक्य बघा: 'जिल्ह्यात तुरळक ठिकाणी मुसळधार ते अतिमुसळधार पावसाची शक्यता.' आपल्यापर्यंत येईतो त्यातलं 'तुरळक ठिकाणी' गळून पडतं, आणि सगळा अर्थ तिथेच तर असतो. भारतीय हवामान विभागाच्या हिशेबात तुरळक म्हणजे त्या भागातल्या 25 टक्के किंवा त्याहून कमी पाऊस मोजणाऱ्या केंद्रांवर. बाकीच्या गावांत सरीही आल्या नाहीत तरी अंदाज बरोबरच ठरतो. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला; त्याच मुंबईत कुलाब्याला शंभरही नाही. तेव्हा आपल्या खिडकीतून दिसणाऱ्या आभाळावरून जिल्ह्याचा इशारा खोटा ठरवू नका.

'मुसळधार' हा शब्दही मोजूनमापून वापरतात: 24 तासांत 64.5 ते 115.5 मिलिमीटर. त्यापुढे 204.4 पर्यंत अतिमुसळधार. हे 24 तास सकाळी साडेआठला सुरू होतात, त्यामुळे बुधवारचा इशारा मध्यरात्री संपत नाही, गुरुवारी सकाळपर्यंत चालतो.

रंग म्हणजे पावसाची मोजपट्टी, ही आणखी एक समजूत. उष्णतेच्या लाटेलाही रेड अलर्ट असतो! आपण काय करायचं ते रंग सांगतो. यलो: लक्ष ठेवा. ऑरेंज: तयारीत राहा. रेड: आता हालचाल करा. 'यलोच आहे, काही नाही' म्हणणाऱ्यांनी लक्षात घ्यावं, 'काही नाही'साठी हिरवा रंग वेगळा ठेवलेला आहे.

फॉरवर्ड आलेल्या स्क्रीनशॉटवर आधी तारीख आणि वेळ शोधा. ती कापलेली असेल तर सरळ हवामान विभागाच्या संकेतस्थळावर बघा. मेघगर्जनेचा तातडीचा इशारा, ज्याला नाऊकास्ट म्हणतात, जेमतेम पुढच्या तीन तासांचा असतो. दुपारी दोनचा नाऊकास्ट संध्याकाळी सातला वाचून घाबरण्यात अर्थ नाही, आणि निर्धास्त होण्यातही नाही.

विजांच्या बाबतीत मात्र इशाऱ्याची वाट बघत बसू नका. गडगडाट ऐकू आला म्हणजे वीज तुमच्यापर्यंत पोहोचू शकते. झाडाखाली थांबू नका, पक्क्या इमारतीत जा आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तिथेच राहा.

चक्रीवादळात तर वारा एकदम पडला की लोक नुकसान बघायला बाहेर येतात. तो वादळाचा डोळा, म्हणजे मधला शांत भाग, असू शकतो. तो सरकला की वारा उलट्या दिशेने तितक्याच जोराने येतो, आणि आधीच खिळखिळे झालेले पत्रे तेव्हा उडतात. वादळ पुढे गेल्याचं अधिकृतपणे कळेपर्यंत दार उघडू नका.