ऑफिससाठी स्वस्त आणि हलका लॅपटॉप घेताय? मग या चुका टाळा

सोलापुरात माणूस लॅपटॉप घ्यायला निघाला की पहिला प्रश्न ठरलेला, "आय फाईव्ह कितीला बसतो?" (आय थ्री, आय फाईव्ह, आय सेव्हन ही इंटेलच्या प्रोसेसरची नावं.) रोजचं काम काय, लॅपटॉप टेबलावरच राहणार की रोज पाठीवरून घरी जाणार, टॅली (हिशेबाचं सॉफ्टवेअर) चालवायची का, डिजिटल सहीचं टोकन (यूएसबीला लावायची छोटी काडी) लावायचं का, यातलं कुणी काही बोलतच नाही. इथल्या व्यापाऱ्यांच्या आणि टॅक्सवाल्यांच्या ऑफिसातली कॉम्प्युटरची कामं मी बघतो, आणि त्याच त्याच चुका बघून आता वैताग आलाय, म्हणून एकदा सगळं लिहून टाकतो. बजेट कमी असलं तरी अडत नाही, पस्तीस ते पन्नास हजारात रोजच्या कामाला चांगला लॅपटॉप मिळतो. अडतं ते घाईमुळे. रात्री बारा वाजता सेल लागला, दहा मिनिटांत ऑर्डर टाकली, आणि पुढची पाच वर्षं त्यावर काम दुसऱ्याच कुणीतरी करायचं.

"आय सेव्हन" ऐकलं की पैसे काढणं

ही चूक सगळ्यात महागात पडते. सात रस्त्याजवळच्या एका टॅक्स कन्सल्टंटनी स्टाफसाठी एकदम पाच रिफर्बिश्ड (वापरलेले, साफसूफ करून परत विकलेले) लॅपटॉप उचलले. आय सेव्हन, मेटल बॉडी, वजन दीड किलोच्या आत, आणि किंमत नव्या आय थ्रीच्या निम्मी. दिसायला पण झकास. दोन-तीन महिने बरे गेले, मग एका २० तारखेला, म्हणजे थ्री-बी (जीएसटीचं रिटर्न) भरायच्या शेवटच्या दिवशी, दुपारी फोन आला, "या की लवकर, सगळेच हँग व्हायलेत."

जाऊन बघितलं तर टॅलीप्राईम चालू, क्रोममध्ये जीएसटी पोर्टल आणि दोन बँका, एक्सेलमध्ये टू-बी चा (खरेदीवरच्या जीएसटी क्रेडिटच्या यादीचा) डेटा, सीपीयू शंभर टक्क्याला चिकटलेला आणि फॅनचा आवाज बाहेरच्या खोलीपर्यंत. साहेब वैतागून म्हणाले, "आय सेव्हन आहे ओ हा, आमच्या पोराच्या आय थ्रीपेक्षा स्लो कसा असेल?" सिस्टीम इन्फर्मेशन उघडून दाखवलं. आय सेव्हन ६६००यू. २०१५ सालचा, सहाव्या जनरेशनचा (पिढीचा) प्रोसेसर, आणि आत कोर, म्हणजे प्रत्यक्ष काम करणारे भाग, फक्त २. त्यांच्या पोराच्या लॅपटॉपात आय थ्री १२१५यू होता, त्यात ६ कोर आणि ८ थ्रेड, म्हणजे एका वेळी कामाच्या ८ रांगा. आय थ्री, आय फाईव्ह, आय सेव्हन ही तुलना एकाच जनरेशनमध्ये करायची असते, एवढं कुणी त्यांना सांगितलंच नव्हतं.

त्याहून वाईट पुढे निघालं. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ ला इंटेलची ८ वी जनरेशन किंवा पुढची आणि टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं. ७ व्या जनरेशनचे एखाद-दुसरे अपवाद सोडले तर त्याआधीचं मायक्रोसॉफ्टला चालत नाही. विक्रेत्याने ही तपासणी बायपास करून विंडोज ११ टाकून दिलेलं. चालू होतं, स्क्रीनही नव्यासारखी दिसते, पण अशा मशीनला अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही आणि वर्षाचं मोठं अपडेट आपोआप येत नाही. ज्या ऑफिसात शेकडो लोकांचे पॅन, आधार आणि बँक स्टेटमेंट पडलेत तिथे हे अजिबात चालणार नाही, यावर मी कुणाशी तडजोड करत नाही. शेवटी त्यातले दोन लॅपटॉप इंटरनेट काढून नुसते स्कॅनिंगला ठेवले आणि बाकीच्यांच्या जागी नवे आय थ्री घेतले. वाचवलेले पैसे असे डबल गेले.

माझी सवय सांगतो. दुकानदार "आय फाईव्ह" म्हणाला की मी पुढचा आकडा विचारतो. ६६००, ७२००, ८२५० असा असेल तर पहिला आकडा जनरेशनचा. १२१५, १३३५ असा असेल तर पहिले दोन, म्हणजे बारावी, तेरावी. आकडा सांगायला जो टाळाटाळ करतो त्याच्याकडून मी घेत नाही. रायझनमध्ये (एएमडी कंपनीचे प्रोसेसर) याहून बारीक गोम आहे, रायझन ५ ७५२०यू आणि रायझन ५ ७५३०यू, दोन्ही शेजारी शेजारी ठेवलेले असतात आणि माणूस हजार-दोन हजार स्वस्त म्हणून पहिला उचलतो. पण त्या सिरीजमध्ये तिसरा आकडा आर्किटेक्चर (आतली रचना किती नवी) सांगतो, २ म्हणजे झेन २, ३ म्हणजे झेन ३. पहिल्यात ४ कोर आहेत, दुसऱ्यात ६. दोन हजार जास्त द्या आणि ७५३०यू घ्या.

रिफर्बिश्ड वाईटच असतं असं नाही हां. ८ व्या जनरेशनच्या खाली जायचं नाही, जमलं तर ११ वी बघायची, आणि दुकानातच कमांड प्रॉम्प्ट उघडून पॉवरसीएफजी स्लॅश बॅटरीरिपोर्ट (powercfg /batteryreport) ही कमांड द्यायची आणि ती बनवते ती रिपोर्टची फाईल उघडायची. त्यात डिझाईन कपॅसिटी (नवी असतानाची) आणि फुल चार्ज कपॅसिटी (आत्ताची) असे दोन आकडे येतात. दुसरा पहिल्याच्या निम्म्यावर आला असेल तर नव्या बॅटरीचे पैसे किमतीतून कमी करायला लावा.

"रॅम नंतर वाढवू"

नंतर वाढत नाही. हलके, पातळ लॅपटॉप बनवताना बऱ्याच कंपन्या रॅम मदरबोर्डवरच सोल्डर करतात, मग ८ जीबी घेतली की ८ जीबीच, शेवटपर्यंत. आणि ८ जीबीमधले तीन-चार जीबी नुसतं विंडोज आणि त्याच्या बारीकसारीक गोष्टी खातात, थोडी इनबिल्ट ग्राफिक्स घेते, उरलेल्यात टॅली, एक्सेल, व्हॉट्सअ‍ॅप आणि वीस टॅब उघडलेलं क्रोम बसवायचं म्हणजे ओढाताण होणारच. डेमो पीस समोर असेल तर कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकत्र दाबा, टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, त्यात मेमरी. फॉर्म फॅक्टरसमोर "रो ऑफ चिप्स" असं लिहिलेलं असेल तर रॅम सोल्डर केलेली आहे समजा. काही मॉडेलमध्ये ८ जीबी सोल्डर आणि वर एक रिकामा स्लॉट असतो, ते मला सगळ्यात आवडतात, आज आठवर काम भागवायचं आणि पुढे आठची पट्टी टाकायची. स्लॉट नसेल तर सरळ १६ जीबीचा घ्या. त्यासाठी आय फाईव्हवरून आय थ्रीवर यावं लागलं तरी या. रोजच्या ऑफिसच्या कामात तो आय थ्री तुम्हाला जास्त सुखात ठेवेल.

स्टोरेजबद्दल एकच ओळ: ६४ किंवा १२८ जीबीचं ईएमएमसी (संथ, स्वस्त स्टोरेज) असलेला लॅपटॉप फुकट मिळाला तरी ऑफिसला लावू नका, एनव्हीएमई एसएसडी (वेगवान स्टोरेज) पाहिजे आणि ती किमान २५६ जीबी, शक्यतो ५१२.

वजन वेबसाईटवर वाचणं

वेबसाईटवर लिहिलेलं १.४ किलो नुसत्या लॅपटॉपचं असतं. चार्जर आणि त्याची जाड वायर अजून तीन-चारशे ग्रॅम, माऊस वेगळा. सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसने पुण्याला जाऊन संध्याकाळी परत येणाऱ्या माणसाला हा फरक खांद्यात कळतो. त्यामुळे टाईप-सी ने चार्ज होणारा बघा, ६५ वॉटचा छोटा चार्जर पुरतो आणि तोच फोनलाही चालतो. रोज फिरणाऱ्याला चौदा इंची, दीड किलोच्या आतला. एक किलोच्या आसपासचे पण मिळतात पण तिथे किंमत एकदम उडी मारते, नाहीतर मग आतला प्रोसेसर आणि बॅटरी दोन्ही बारीक केलेले असतात. स्वस्त आणि खूपच हलका दिसला तर बॅटरी किती वॉट-अवरची (साठवण किती) आहे ते आधी बघा. साध्या कामाला सात वॉटच्या आसपास धरा, म्हणजे ४२ वॉट-अवरची बॅटरी सहा तास जाईल. खोक्यावरचे "१२ तासांपर्यंत" मी वाचतच नाही.

दिवसभर व्हाउचर मारणारा अकाउंटंट असेल तर त्याला चौदा इंची देऊन छळू नका. चौदा इंचीत सहसा नंबरपॅड नसतो, आणि आकडे वरच्या ओळीतून मारणं म्हणजे दिवसाचं काम दीड दिवसावर. त्याला साडेपंधरा इंची द्या, किंवा चौदा इंचीला वेगळा यूएसबी नंबरपॅड घ्या.

कीबोर्डच्याच बाबतीत मला सगळ्यात जास्त येणारा फोन म्हणजे "नवीन लॅपटॉपवर टॅली चालंना." टॅली चालत असते. एफ-८ दाबलं की सेल्सच्या ऐवजी आवाज किंवा ब्राईटनेस बदलतोय, कारण नव्या लॅपटॉपात वरच्या की आधी मल्टिमीडियाचं काम करतात. बऱ्याच मॉडेलला एफएन आणि एस्केप एकत्र दाबलं की वरच्या की एफ-१, एफ-२ अशाच कामाला लॉक होतात, काहींना बायोसमध्ये (विंडोज सुरू व्हायच्या आधीच्या सेटिंगमध्ये) जाऊन सेटिंग बदलावं लागतं. एकदा करा, कायमचं मिटतं. लोक यासाठी लॅपटॉप परत द्यायला निघतात, दोन मिनिटं थांबून बघायची तयारी नसते.

स्क्रीन आणि पोर्ट न बघणं

टीएन पॅनल (बाजूने बघितलं की रंग बिघडणारी स्क्रीन), १३६६ बाय ७६८, घेऊ नका. बास. फुल एचडी आणि आयपीएस (बाजूनेही नीट दिसणारी) पाहिजे. दुकानात मी लॅपटॉप उचलून दाराजवळ उजेडात नेतो आणि पांढरी एक्सेल शीट उघडतो, २५० निट्सची (निट म्हणजे स्क्रीनच्या प्रकाशाचं माप) स्क्रीन आपल्याकडच्या एप्रिलच्या उजेडात कशी दिसते ते तिथेच कळतं. नवी पेठेतले दुकानदार उजेडात न्यायला नाही म्हणत नाहीत, आपणच संकोच करतो.

पोर्टमध्ये साधा यूएसबी किमान दोन हवेत, एक टोकनला आणि एक माऊसला. एचडीएमआय हवा. लॅनचं पोर्ट पातळ लॅपटॉपात बहुतेक नसतं, ऑफिसात वायरचं नेटवर्क असेल तर यूएसबी लॅन अ‍ॅडॅप्टर त्याच दिवशी घ्या.

आणि एक कळकळीनं सांगतो, मॅकबुक किंवा स्नॅपड्रॅगनवाला (इंटेल-रायझनपेक्षा वेगळ्या जातीच्या चिपचा) लॅपटॉप बॅटरीसाठी कितीही छान असू दे, डिजिटल सही, टॅली आणि जुना प्रिंटर हे तुमचं रोजचं काम असेल तर त्या वाटेला जाऊ नका. टॅलीप्राईम विंडोजचं सॉफ्टवेअर आहे. स्नॅपड्रॅगनवर विंडोज असलं तरी ड्रायव्हर (टोकन किंवा प्रिंटर चालवणारं छोटं सॉफ्टवेअर) त्या चिपसाठी बनवलेलाच लागतो, आणि जुन्या टोकनचा किंवा प्रिंटरचा तसा ड्रायव्हर नसला की उपाय उरत नाही. घ्यायचाच असेल तर आधी आपलं टोकन खिशात घालून दुकानात जा आणि लावून बघा.

सुताची धूळ आणि उन्हाळा

हे सोलापूरचं खास दुखणं. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचा एक कारखाना आहे, तिथल्या अण्णांनी ऑफिससाठी छान पातळ लॅपटॉप घेतला. एप्रिल लागला आणि दुपारी दोननंतर तो आपोआप बंद पडायला लागला. एका दुकानात दाखवला, त्यांनी मदरबोर्ड गेला म्हणून सांगितलं आणि लॅपटॉपच्या निम्म्या किमतीचा खर्च काढला. अण्णा नवीन घ्यायला निघालेले. मी म्हटलं आधी खालचं झाकण तर उघडू. उघडलं तर फॅन आणि हीटसिंकच्या पात्यांच्या मधे सुताच्या बारीक धुळीचा अख्खा थर बसलेला, चिमटीने धरून एका तुकड्यात निघाला. ऑफिस आणि लूमच्या शेडमधे एकच दार, ते दिवसभर उघडं, आणि फॅन ती सगळी हवा आत ओढतोय. बाहेर चाळीस-बेचाळीस डिग्री, हवा जायला वाट नाही, प्रोसेसर तापला की लॅपटॉप स्वतःला वाचवायला बंद होतो. साफ केला, थर्मल पेस्ट नवीन लावली, आणि तोच लॅपटॉप पुढचा सगळा उन्हाळा चालला.

तेव्हापासून कारखान्यातल्या माणसाला मी एकच सांगतो, ज्याचं खालचं झाकण साध्या स्क्रूने उघडतं असाच घ्या, आणि दोनदा साफ करून घ्या, उन्हाळ्याच्या आधी आणि दिवाळीला. वॉरंटीत असेल तर आधी सर्व्हिस सेंटरला विचारा. घरच्या घरी ब्लोअर मारणाऱ्यांनी फॅन बोटाने किंवा काडीने धरून ठेवावा, मोकळा फिरू दिला तर खराब होतो. आणि गादीवर, मांडीवर उशी घेऊन लॅपटॉप चालवणं बंद करा, खालच्या जाळ्या त्यासाठी दिलेल्या नाहीत.

मेटल बॉडीला हात लावला की झिणझिण्या येतात अशी पण तक्रार असते. बहुतेक वेळा लॅपटॉप बिघडलेला नसतो, ऑफिसच्या पॉईंटला अर्थिंग नसतं किंवा तीन पिनचा चार्जर दोन पिनच्या अ‍ॅडॅप्टरमधे खोचलेला असतो. इलेक्ट्रिशियनला बोलवा आणि अर्थिंग करून घ्या, नुसती टेप मारून चालवू नका.

बिल घेताना

धंद्यासाठी घेताय तर बिलावर आपला जीएसटी नंबर टाकायला लावा. लॅपटॉपवर १८ टक्के जीएसटी आहे, म्हणजे ४० हजारच्या बिलात साधारण ६,१०० रुपये कर असतो, आणि नियमित जीएसटी भरणाऱ्याला त्याचं क्रेडिट मिळतं, म्हणजे तेवढा कर आपल्या भरायच्या करातून वजा होतो. लोक "बिल नको, पाचशे कमी करा" म्हणतात, त्या पाचशेत क्रेडिट पण जातं आणि वॉरंटीचा पुरावा पण.

वॉरंटी कुठे मिळणार हेही तिथेच विचारा. सोलापुरात माणूस ऑफिसात येऊन दुरुस्त करणार, की आपण इथल्या सेंटरला न्यायचा, की पुण्याला पाठवायचा आणि आठवडाभर वाट बघायची. ज्या ब्रँडचं इथे सेंटर नाही तो दोन हजार स्वस्त असला तरी मी ऑफिसला सुचवत नाही. उत्तर मिळालं की बिलावरचा सिरीयल नंबर लॅपटॉपच्या खालच्या नंबराशी जुळवून बघा, बॉक्सच्या नंबराशी नाही, आणि मग पैसे द्या.