कीट्सच्या ‘ला बेल दाम सां मेर्सी’मधील प्रतिमांचा अर्थ लावताना या चुका टाळा

इंग्रज कवी जॉन कीट्सने एप्रिल १८१९ मध्ये अमेरिकेतील भावाला लिहिलेल्या पत्रात हे बारा कडव्यांचे कथागीत उतरवले. शीर्षकाचा अर्थ ‘निर्दय सुंदरी’. तळ्याकाठी एकटा भटकणारा आजारी सरदार एका अनोळखी माणसाला आपल्याला भेटलेल्या गूढ सुंदरीची हकिगत त्यात सांगतो. त्यावर लिहिताना विद्यार्थी लिली म्हणजे मृत्यू, गुलाब म्हणजे प्रेम अशी कोष्टके मांडतात, आणि प्रतिमा कोणाच्या तोंडी आली आहे हे पाहायचे राहून जाते. ही दोन फुले सरदाराच्या चेहऱ्यावर दिसतात ती त्याची विचारपूस करणाऱ्या अनोळखी माणसाला. प्रेमकाव्याच्या जुन्या परंपरेत स्त्रीच्या कांतीची स्तुती करणारी फुले येथे तापाने घामेजलेल्या पुरुषाच्या कपाळावर आणि गालांवर आली आहेत, आणि गुलाब वेगाने कोमेजतो आहे. ही उलटापालट ध्यानात घेतली नाही, तर प्रतिमेतील निम्मा अर्थ हातून जातो.

याहून मोठी चूक म्हणजे त्या सुंदरीला सरळ चेटकीण ठरवणे. चौथ्या कडव्यापासून आपण केवळ सरदाराची साक्ष ऐकत असतो. फुलांचा मुकुट, कंकणे आणि कमरपट्टा हे तिन्ही वेढे त्यानेच तिच्यासाठी गुंफले, घोड्यावरही त्यानेच तिला बसवले. ती परक्या भाषेत काही बोलते, आणि ‘माझे तुझ्यावर खरे प्रेम आहे’ हा त्याचा अर्थ तोच आपल्याला सांगतो. आपल्या गुहेत ती रडते. का, ते कळत नाही. ‘निर्दय सुंदरी’ हा निवाडा तर सरदाराला तेथे पडलेल्या स्वप्नातील फिकट राजे, राजपुत्र आणि योद्धे देतात. तिने सरदाराला गोड कंदमुळे आणि रानमध खाऊ घातला असताना या पुरुषांचे ओठ मात्र उपासमारीने सुकलेले आहेत, आणि कवितेतील मोहिनीचे खरे स्वरूप मला या विसंगतीतच दिसते. तिचा हेतू कवीने मुद्दाम अनुत्तरित ठेवला आहे, असे माझे ठाम मत आहे.

तळ्याकाठच्या सुकलेल्या लव्हाळ्याविषयी लिहिताना मराठी वाचकाला महापुरातून वाचणारे तुकोबांचे लव्हाळे आठवणे स्वाभाविक आहे, परंतु नम्रतेचा तो अर्थ येथे लादू नये. खारीचे कोठार भरले आहे, सुगी संपली आहे. निसर्गाने हिवाळ्याची तजवीज केली असताना रिकामा उरला आहे तो एकटा सरदार. कडव्यातील चौथी ओळ आखूड आहे, त्यामुळे ‘पाखरे गात नाहीत’ हे शब्द ऐकू येताच लय अकाली थांबते. ही शांतता मोठ्याने वाचल्याखेरीज जाणवत नाही.

कीट्सचा भाऊ टॉम १ डिसेंबर १८१८ रोजी क्षयाने वारला. ही पार्श्वभूमी जरूर सांगावी, मात्र तेवढ्यावरून सगळी कविता म्हणजे क्षयाचे रूपक ठरवू नये.

शेवटी, कवितेचा कोणता पाठ वापरत आहोत ते तपासावे. १८२० मध्ये ‘द इंडिकेटर’ या साप्ताहिकात छापलेल्या पाठात ‘शस्त्रधारी सरदार’ जाऊन ‘अभागी जीव’ अशा अर्थाचे शब्द आले. तो पाठ समोर ठेवून पहिल्या कडव्यातील शौर्याच्या प्रतीकाविषयी लिहिले, तर त्या विवेचनाला आधारच उरत नाही.