सत्तरीपुढच्यांसाठी आयुष्मान वय वंदना कार्ड: काढायचं कसं आणि रुग्णालयात वापरायचं कसं

घरात सत्तर वर्षं पूर्ण झालेलं कोणी असेल तर त्यांचं आयुष्मान वय वंदना कार्ड धडधाकट असतानाच काढून ठेवा. रात्री अकरा वाजता छातीत दुखतंय म्हणून रुग्णालय गाठायचं, आणि तिथे कळायचं की आधारला जोडलेला मोबाइल नंबर चार वर्षांपूर्वीच बंद झालाय, ही वेळ कुणावरही येऊ नये. कार्ड काढायला अर्धा तास पुरतो. वेळ खातात त्या आधारमधल्या चुका, म्हणून सुरुवात तिथूनच करायची.

आधी कार्डात काय मिळतं ते

हे कार्ड ज्या योजनेचं आहे ती आयुष्मान भारत प्रधानमंत्री जन आरोग्य योजना (बोलताना नुसतं आयुष्मान योजना) २०१८ पासून आहे, पण तेव्हा ती ठरावीक कुटुंबांपुरती होती. २९ ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षं आणि त्यापुढच्या सगळ्यांना ती खुली झाली. उत्पन्नाची अट नाही. बंगला असो, पेन्शन असो, प्राप्तिकर भरत असा, तरी कार्ड मिळतं. वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार रोख न भरता होतात. आधीपासून असलेला मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार हे सगळं पहिल्या दिवसापासून धरलं जातं. खासगी विम्यासारखी दोन-तीन वर्षं थांबायची भानगड नाही.

५ लाखांचा हिशोब मात्र नीट समजून घ्या. आजी-आजोबा दोघेही सत्तरीपुढचे असतील तर ही रक्कम दोघांत मिळून आहे, प्रत्येकी नाही. कार्ड मात्र दोघांना वेगवेगळं काढावं लागतं. तुमचं कुटुंब आधीपासूनच आयुष्मान योजनेत असेल तर ज्येष्ठांना त्यांच्यासाठी वेगळे ५ लाख मिळतात, त्यात मुलासुनेचा किंवा नातवंडांचा वाटा नसतो.

केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांची आणि पेन्शनरांची आरोग्य योजना म्हणजे सीजीएचएस किंवा माजी सैनिकांची ईसीएचएस, यांचे लाभार्थी असाल तर दोन्हींपैकी एकच योजना निवडावी लागते. हा निर्णय घाईत घेऊ नका. त्या योजनांमध्ये बाह्यरुग्ण तपासणी आणि रोजची औषधंही मिळतात, ती सोडून इकडे येणं बहुतेकांना परवडणारं नाही. खासगी आरोग्य विमा किंवा ईएसआयसी म्हणजे कामगारांचा राज्य विमा असेल तर मात्र अडचण नाही, ते ठेवून हे कार्डही काढता येतं.

आधार तपासा, तीन गोष्टी

पहिली गोष्ट जन्मतारीख. वय फक्त आधारवरून मोजलं जातं. आपल्याकडे जुन्या पिढीतल्या कितीतरी जणांच्या आधारवर अंदाजे तारीख पडलेली आहे. शाळेच्या दाखल्यावर ७२ आणि आधारवर ६८ असेल तर पोर्टल ६८ च धरणार. दुरुस्तीसाठी जन्मदाखला, पासपोर्ट किंवा दहावीची गुणपत्रिका यांसारखा पुरावा घेऊन आधार केंद्रावर जावं लागतं. जन्मतारीख साधारणपणे एकदाच बदलून मिळते, त्यामुळे पेन्शनच्या कागदावर जी तारीख आहे तीच आधारवर येईल हे पाहा. नाहीतर इकडचं जुळेल आणि तिकडचं बिघडेल.

दुसरी, मोबाइल नंबर. कुठला नंबर जोडलाय हे आठवत नसेल तर माय-आधारच्या संकेतस्थळावर आधार वैधता तपासण्याची सोय आहे. आधार क्रमांक टाकला की वयोगट, लिंग, राज्य आणि जोडलेल्या नंबरचे शेवटचे तीन आकडे दिसतात. ते तीन आकडे घरातल्या कुठल्या फोनचे आहेत ते पाहा. कुठल्याच नसतील तर नंबर बदलून घ्या. हे काम आधार केंद्रावर होतं. ज्येष्ठांना बाहेर पडणं शक्य नसेल तर पोस्टमनकडे चौकशी करा. इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेमार्फत पोस्टमन घरी येऊनही आधारचा मोबाइल नंबर बदलून देतात.

तिसरी गोष्ट पटकन लक्षात येत नाही. काहींनी फसवणुकीच्या भीतीने आधारचे बोटांचे ठसे आणि चेहरा लॉक करून ठेवलेला असतो. सवय चांगली आहे, पण ठशांनी ओळख पटवायच्या आधी ते लॉक उघडायला हवं.

रेशनकार्डावरचं नाव आधारशी जुळत नाही म्हणून अनेक जण अर्ज करायचंच टाळतात. वय वंदनासाठी रेशनकार्ड लागत नाही, उत्पन्नाचा दाखला लागत नाही. आधार पुरतं.

नोंदणी

मोबाइलवर आयुष्मान ॲप घ्या किंवा बेनिफिशिअरी डॉट एनएचए डॉट जीओव्ही डॉट इन हे संकेतस्थळ उघडा. ॲप घेताना ते राष्ट्रीय आरोग्य प्राधिकरणाचंच आहे ना ते बघून घ्या, त्या नावासारखी दिसणारी बरीच ॲप्स फिरतात.

१. लाभार्थी म्हणून लॉगिन करा. इथे कोणाचाही मोबाइल नंबर चालतो, मुलाचा किंवा नातीचाही. चित्रातले आकडे-अक्षरं भरा, ओटीपी टाका.

२. ठिकाणाची म्हणजे लोकेशनची परवानगी मागितली तर द्या, नाहीतर पुढचं पान उघडत नाही.

३. ७० वर्षांवरील ज्येष्ठांच्या नोंदणीचा पर्याय निवडा. नेहमीच्या शोधात नाव घातलं तर कुटुंब यादीत नाही असा संदेश येतो आणि लोक तिथूनच परत फिरतात. ज्येष्ठांचा पर्याय वेगळा दिलेला आहे.

४. राज्य निवडा, आधार क्रमांक टाका. नोंद आधी नसेल तर नवीन नोंदणी करायची का असं विचारलं जातं, होय म्हणा.

५. संमती देऊन ओळख पटवा. आधारला जोडलेल्या नंबरवर ओटीपी येतो, तो इथे लागतो. ओटीपी शक्य नसेल तर ठसे, बुबुळ किंवा चेहरा हे पर्याय असतात.

६. सीजीएचएस वगैरे योजनेचा लाभ घेता का, हे घोषणापत्र भरा. इथे खरंच लिहा.

७. प्रवर्ग, पिनकोड, संपर्काचा मोबाइल आणि कुटुंबातल्या माणसांची माहिती भरून अर्ज सादर करा. ओळख पटली की कार्ड उतरवून घेता येतं.

संपर्काचा नंबर ज्येष्ठांचा स्वतःचा नसेल तर घरात कायम असणाऱ्या माणसाचा द्या. पुण्याला नोकरी करणाऱ्या मुलाचा नंबर दिला आणि आई-वडील गावाकडे असले, तर गरजेच्या वेळी ओटीपी विचारायला फोनाफोनी सुरू होते.

फोटोच्या टप्प्यावर आणि चेहऱ्याने ओळख पटवताना बरेच अर्ज अडकतात. कारण बहुधा उजेडाचं असतं. खिडकी पाठीमागे असली की चेहरा काळा दिसतो आणि आधारमधल्या फोटोशी जुळत नाही. खिडकीकडे तोंड करून बसवा, चष्मा काढायला सांगा, टोपी किंवा डोक्यावरचा पदर थोडा मागे घ्या. फोन डोळ्यांच्या रेषेत धरा आणि पापण्या लवायला सांगितलं की सावकाश लवायच्या. ठशांचं यंत्र असेल तर शेतात, भांड्यांत आयुष्य घालवलेल्या हातांच्या रेघा झिजलेल्या असतात. बोट ओल्या फडक्याने पुसून कोरडं करा आणि अंगठाच धरून बसू नका, मधलं बोट किंवा अनामिका पुष्कळदा लगेच लागते. तरीही जमलं नाही तर बुबुळ.

स्वतः करणं जमत नसेल तर सामाईक सेवा केंद्र, सरकारी रुग्णालय किंवा योजनेतल्या कुठल्याही रुग्णालयातला आरोग्यमित्र, म्हणजे योजनेच्या रुग्णांना मदत करायला तिथे बसलेला माणूस, हे काम करून देतो. कार्डाला सरकारी शुल्क नाही. फोन करून "तुमचं कार्ड मंजूर झालंय, ओटीपी सांगा" म्हणणाऱ्याला ओटीपी सांगू नका. सरकारकडून असा फोन येत नाही.

रुग्णालयात

कार्ड हातात आलं की जवळची तीन-चार रुग्णालयं शोधून ठेवा. योजनेच्या रुग्णालयांची यादी ऑनलाइन आहे, जिल्हा आणि उपचाराची शाखा निवडून पाहता येते. शाखा बघायला विसरू नका. रुग्णालय यादीत आहे म्हणजे तिथे सगळे उपचार या कार्डावर होतात असं नाही. एखाद्याला फक्त नेत्रचिकित्सेसाठी मान्यता असते आणि आपण हृदयाचा रुग्ण घेऊन पोचतो. काही उपचार तर फक्त सरकारी रुग्णालयांसाठीच राखून ठेवलेले असतात. हे कार्ड दुसऱ्या राज्यातल्या संलग्न रुग्णालयातही चालतं, त्यामुळे उपचारासाठी बेळगाव गाठणाऱ्या कोल्हापूरकरांनी आणि गोव्याला जाणाऱ्या सिंधुदुर्गवासीयांनी त्या बाजूची यादीही पाहून ठेवावी.

एका पिशवीत या गोष्टी कायम ठेवा: मूळ आधार, कार्डाच्या दोन छापील प्रती, चालू गोळ्यांची यादी, मागच्या वेळचं डिस्चार्ज कार्ड, ईसीजी आणि इकोचे जुने रिपोर्ट. उपचाराला आधी मंजुरी घ्यावी लागते आणि ती रिपोर्ट पाहूनच मिळते. स्टेंट टाकायचा असेल तर अँजिओग्राफीची सीडी मागतात. ती दुसऱ्या रुग्णालयात राहिली असेल तर मंजुरी तिथेच अडते.

गेल्यागेल्या आरोग्यमित्राला भेटा, बिलिंग काउंटर नंतर. कार्ड आणि आधार दाखवा, रुग्णाची ओळख पटवून घ्या. कार्ड असल्याचं तिसऱ्या दिवशी सांगितलं तर गोंधळ होतो. "आधी भरा, मग परत मिळतील" यावर विसंबू नका, ही योजना पैसे परत देण्याची नाही, रोकडविरहित उपचारांची आहे. तातडीचा रुग्ण असेल तर एकाने रुग्णाजवळ थांबावं आणि दुसऱ्याने थेट आरोग्यमित्राचा टेबल गाठावा.

मंजूर पॅकेजमध्ये डॉक्टर, औषधं, तपासण्या, इम्प्लांट, सर्वसाधारण वॉर्ड आणि जेवण येतं. दाखल होण्याआधीच्या ३ दिवसांचा आणि घरी सोडल्यावर १५ दिवसांपर्यंतचा संबंधित औषधोपचारही त्यातच धरलेला आहे. घरी निघताना ही औषधं मागून घ्या, न मागता ती हातात पडतीलच असं नाही. स्पेशल खोलीचा आग्रह धरलात तर पॅकेजबाहेरचा खर्च अंगावर येतो.

जे मिळत नाही तेही माहीत असू द्या. दाखल न होता केलेली तपासणी, रोजच्या बीपी-शुगरच्या गोळ्या, चष्मा, श्रवणयंत्र हे या कार्डावर नाही. गोळ्यांसाठी जनऔषधी केंद्र स्वस्त पडतं. चष्मा, श्रवणयंत्र, वॉकर, कमोड खुर्ची यांसाठी महाराष्ट्रात मुख्यमंत्री वयोश्री योजना आहे. ६५ वर्षं पूर्ण झालेल्या आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २ लाखांच्या आत असलेल्या ज्येष्ठांना तिच्यात एकदाच ३,००० रुपये थेट बँक खात्यात मिळतात. सत्तरी अजून आली नसेल तर महाराष्ट्रातल्या शिधापत्रिकाधारक कुटुंबांना महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना लागू आहे. तिची मदतवाहिनी १५५३८८.

अडवणूक झाली तर

अनामत रक्कम मागितली, "या कार्डावर बेड शिल्लक नाही" असं सांगितलं किंवा औषधं बाहेरून आणायला लावली, तर वाद घालत बसू नका. तिथूनच १४५५५ वर फोन करा, तो निःशुल्क आहे. रुग्णालयाचं नाव, तारीख-वेळ, मागितलेली रक्कम आणि कोणी सांगितलं ते टिपून ठेवा. पैसे द्यावेच लागले तर पावती घ्या आणि पावती नाकारली तर तेही तक्रारीत लिहा. उपचार नाकारत असतील तर कारण कागदावर मागा. ऑनलाइन तक्रार केल्यावर मिळणारा क्रमांक जपून ठेवा, आणि महाराष्ट्रात असाल तर त्याच क्रमांकासह योजनेच्या जिल्हा समन्वयकालाही कळवा.